मुद्रक आणि मध्यस्थ

घरांतील जुन्या पुस्तकांची झाडलोट करतांना 'संस्कृत पाठमाले'चा एक भाग हातीं आला. पुस्तक औंधचें, पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर यांच्या स्वाध्याय मंडळानें प्रसिद्ध केलेलें. पाठ चाळावे म्हणून तें उघडलें, परंतु नजर खिळली ती सहसा कोणीहि पाहत नाहीं अशा बारीक टाइपांतील एका ओळीवर. पुस्तक कोणी छापलें, कोणत्या छापखान्यांत छापलें, आणि तो छापखाना कोणत्या गांवीं आहे, एवढेंच ती ओळ सांगते. वाङ्मयाच्या परीक्षणांत अशा ओळीला आजवर कोणी स्थान दिलेलें नाहीं. प्रस्तुत लेखांत मात्र परीक्षणाचा विषय तीच आहे. आणि तिच्या शेजारीं ठेवून वाचण्यासाठीं जो दुसरा मजकूर मी घेतला आहे तो आहे २०१८ सालच्या कांहीं सरकारी नोटिसांचा, व त्यांस एका परदेशी कंपनीनें दिलेल्या उत्तराचा. असल्या मजकुराला वाङ्मय म्हणावें कीं नाहीं याविषयीं मतभेद होईल. पण ज्या शब्दांच्या अर्थावर माणसांचे प्राण आणि स्वातंत्र्य अवलंबून असतें ते शब्द टीकाकारानें वाचावयाचे नाहींत, तर त्यानें जन्मभर सुनीतेंच तपासावयाचीं काय?

ही ओळ छापण्याची सक्ति १८६७ च्या कायद्यानें आली. छापखाना ठेवणारानें मॅजिस्ट्रेटपुढें आपलें नांव व जागा लिहून द्यावयाची, आणि छापलेल्या प्रत्येक पुस्तकावर व कागदावर मुद्रकाचें आणि प्रकाशकाचें नांव, ठिकाणासह, स्वच्छ वाचतां येईल असें छापावयाचें, असा तो कायदा. औंध हें संस्थान. ब्रिटिश मुलखांतला कायदा तेथें आपोआप चालत नसे. तथापि औंधचीं पुस्तकें साऱ्या हिंदुस्थानभर जात, आणि ती ओळ त्यांवर असे. वरवर पाहतां ही नुसती नोंद. परंतु सरकारच्या दृष्टीनें तिचें मोल फार मोठें होतें. लेखक टोपण नांवानें लिहील, परगांवीं जाईल, मीं लिहिलेंच नाहीं म्हणून शपथेवर सांगेल. छापखान्याला यांतलें कांहींच करतां येत नाहीं. त्याचें लोखंड जड असतें. सरकारला लेखक सांपडो वा न सांपडो, यंत्राचा धनी हटकून सांपडावा, ही या ओळीची खरी योजना होती. (याच औंधच्या पंतप्रतिनिधींनीं किर्लोस्करांनाहि कारखान्यासाठीं माळरान दिलें व तेथें लोखंडी नांगर होऊं लागले. नांगराला मात्र मुद्रकाची ओळ लागत नाहीं.)

सातवळेकरांना या योजनेची ओळख औंधास येण्यापूर्वींच झाली होती. १९०८ सालीं कोल्हापूरच्या 'विश्ववृत्त' मासिकांत त्यांचा 'वैदिक प्रार्थनांची तेजस्विता' हा लेख आला. विषय वेदांतील प्रार्थनांचा. पण तें वर्ष असें होतें कीं त्याच जुलै महिन्यांत लोकमान्य टिळकांस सहा वर्षांची शिक्षा झाली. कोल्हापूर हेंहि संस्थानच. परंतु संस्थानच्या कुंपणाचा 'विश्ववृत्ता'ला कांहीं उपयोग झाला नाहीं. संपादक विष्णु गोविंद विजापूरकर आणि त्यांचे सहकारी, पुढें 'रागिणी' लिहून कीर्ति मिळविलेले वामन मल्हार जोशी, यांना तीन तीन वर्षांची शिक्षा झाली. लेखक त्या वेळीं कोल्हापुरांत नव्हते. त्यांना पुढें कांगडीच्या गुरुकुलांत पकडून कोल्हापुरास आणण्यांत आलें, आणि खटल्यांतून ते निर्दोष सुटले. ज्यानें लिहिलें तो सुटला, आणि ज्यांनीं छापून लोकांच्या हातीं दिलें त्यांनीं तुरुंगाची भाकर खाल्ली, ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. तोच माणूस १९१८ च्या सुमारास औंधास येऊन स्वतः छापखाना घालतो व त्या बारीक टाइपांतील ओळींत स्वतःचें नांव घालतो, तेव्हां ती ओळ मला तरी नुसत्या नोंदीसारखी वाचवत नाहीं.

'विश्ववृत्ता'चा खटला हा कांहीं झालें तरी खटला होता. आरोप होता, वकील होते, निकाल होता. १९१० च्या प्रेस ॲक्टानें जी तऱ्हा काढली ती याहून सफाईची. नवा छापखाना काढणारानें पांचशें ते दोन हजार रुपयांचा जामीन अगोदरच ठेवावा. जुन्या छापखान्याकडून पांच हजारांपर्यंत मागतां येईल. आक्षेपार्ह कांहीं छापलें असें सरकारला वाटलें कीं जामीन जप्त. पुन्हां छापखाना चालवावयाचा तर एक हजार ते दहा हजार रुपये नव्यानें भरावे. आणि पुन्हां चूक झाली तर पैसे, छापलेला माल व खुद्द यंत्र, सारेंच सरकारजमा. १९२२ सालीं हा कायदा रद्द झाला, पण बारा वर्षांत त्यानें काय केलें याचा हिशेब जप्त झालेल्या रकमांच्या बेरजेवरून लागत नाहीं. ज्या हस्तलिखितांवर छापखानेवाल्यानें "सध्यां काम फार आहे" एवढें म्हणून तीं परत केलीं, त्यांची यादी कोठें आहे? त्या गरीब माणसाला साहित्याशीं वैर नव्हतें. त्याला टाइपाचे हप्ते फेडावयाचे होते आणि कंपॉझिटरांचे पगार द्यावयाचे होते. सरकारनें त्याच्या पांचशें रुपयांना कान व डोळे दिले, आणि तो बिनपगारी परीक्षक होऊन बसला. तोहि कसला परीक्षक! खरा परीक्षक मजकूर वाचून मत बनवितो. हा मजकूर वाचण्यापूर्वींच घाबरलेला असतो.

एवढी जुनी हकीकत अगोदर सांगण्याचें कारण असें कीं, तिच्यावांचून २०१८ च्या नोटिसांमधील शब्द कोठून आले आणि ते कोठवर नेतील हें नीट कळत नाहीं.

१ जुलै २०१८. धुळें जिल्ह्याच्या साक्री तालुक्यांतील राईनपाडा या आदिवासी वस्तीच्या गांवीं रविवारचा बाजार भरला होता. मंगळवेढें भागांतून भिक्षेसाठीं फिरत आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पांच जण तेथें होते. पिढ्यान् पिढ्या गांवोगांव फिरून भिक्षा मागणारी ही जात. मुलें पळविणाऱ्यांची टोळी आली आहे अशी आवई त्या आठवड्यांत सगळीकडे उठली होती. ती मोबाइलवरून, मुख्यत्वें व्हॉट्सॲपवरून, फिरत होती. जमावानें त्या पांच जणांना धरलें, ग्रामपंचायतीच्या खोलींत कोंडलें, आणि तेथेंच ठेचून मारलें. मारतांनाचीं चित्रेंहि कोणी टिपलीं व तींहि त्याच वाटेनें देशभर गेलीं.

त्या जून महिन्यांत माझ्याहि मोबाइलवर तसला एक निरोप आला होता. आमच्या नात्यागोत्याचा जो गट आहे त्यांत एका वडीलधाऱ्या आप्तानें तो टाकला होता; "मुलांना जपा" एवढेंच वर लिहून. मीं तो दुसऱ्या दोन गटांना पाठविला. त्यास किती वेळ लागला म्हणाल, तर श्वास घेण्यासही त्याहून अधिक लागतो. त्या दिवसांत फिरणाऱ्या चलच्चित्रांपैकीं एक मूळचें कराचीचें होतें. तेथील एका संस्थेनें मुलांच्या सुरक्षिततेविषयीं लोकांना जागें करण्यासाठीं तें तयार केलें होतें. मोटारसायकलवरून आलेला इसम मूल उचलतो, आणि पुढच्या क्षणीं तें परत आणून ठेवून बोधाचा फलक दाखवितो, अशी त्याची रचना. कोणीतरी त्याचा शेवट कापला. शेवट कापल्यानें एखाद्या कृतीचा अर्थ किती उलटतो हें नाट्यपरीक्षणें लिहितांना मीं पुष्कळदां प्रतिपादिलें आहे. पण कापलेला शेवट हातीं आला तेव्हां त्या विद्येचा मला काडीइतका उपयोग झाला नाहीं. माझा निरोप राईनपाड्यास पोंचला नसेल. पोंचला नाहीं असें छातीवर हात ठेवून मी सांगूं शकत नाहीं, एवढें खरें.

या घटनेनंतर दोन दिवसांत केंद्र सरकारच्या माहिती तंत्रज्ञान खात्यानें व्हॉट्सॲप कंपनीस जाहीर ताकीद दिली, आणि १९ जुलै रोजीं दुसरी नोटीस काढली. त्या दुसऱ्या नोटिशींतील आशय असा कीं, असल्या अफवा पसरत असतांना त्या पसरण्याचें साधन ज्यांच्या हातांत आहे ते मुके प्रेक्षक बनून राहतील तर त्यांना गुन्ह्याचे साहाय्यकर्ते समजलें जाईल. कंपनीनें पहिल्या नोटिशीलाच उत्तर दिलें होतें: या हिंसेनें आम्हांस फार धक्का बसला आहे, आणि हें संकट सरकार, समाज व तंत्रज्ञानाच्या कंपन्या यांनीं मिळून सोडवावयाचें आहे.

प्रथम कंपनीचें उत्तर पाहूं. त्याची भाषा दुखवट्याच्या पत्राची आहे. दुखवट्याच्या पत्रांत आपण मृताच्या घरच्यांपासून किती अंतरावर उभे आहोंत हें जपून ठरविलेलें असतें. कंपनी येथें गांवच्या पाहुण्यासारखी उभी आहे. घडलें तें वाईट घडलें, आम्हीहि मदत करूं. आमच्या यंत्राची घडण अशी होती म्हणून हें इतक्या वेगानें घडलें, असें एकहि वाक्य त्यांत नाहीं. आणि तें नसण्याला कायद्याचा आधार आहे. २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्यानें अशा कंपनीला एक नांव दिलें असून त्याचें भाषांतर आपलीं वृत्तपत्रें 'मध्यस्थ' असें करतात. दुसऱ्यांचा मजकूर जो नुसता वाहून नेतो, तो कोठून निघावा, कोणास मिळावा, त्यांत काय असावें हें जो ठरवीत नाहीं, त्याच्यावर त्या मजकुराची जबाबदारी नाहीं, असें त्या कायद्याचें ७९ वें कलम सांगतें.

'मध्यस्थ' हा शब्द मराठींत असा पोरका कधींच नव्हता. लग्न जमविणारा मध्यस्थ दोन्ही घरें ओळखतो. बांधाच्या भांडणांत मध्यस्थी करणारा पाटील दोघांची बाजू ऐकून घेतो आणि उद्यां तोंड दाखवावयाचें असतें म्हणून तोलून बोलतो. "मीं फक्त निरोप पोंचविला, त्यांत काय होतें तें मला ठाऊक नाहीं" असें म्हणणाऱ्यास आपण मध्यस्थ म्हणत नाहीं. निरोप्या म्हणतों, फार तर टपालवाला म्हणतों. मग कंपनीला टपालवालाच म्हणावें, असें कोणी म्हणेल. तेंहि पुरतें जमत नाहीं. टपालवाला एका पाकिटाचीं हजार पाकिटें करून देत नाहीं. त्या वेळीं एका गटांत २५६ माणसें मावत. एकानें वीस गटांना निरोप ढकलला तर तो पांच हजारांवर माणसांपर्यंत जाई, आणि त्यांतील प्रत्येकाला पुन्हां तेंच करण्याची मुभा. हें करण्यासाठीं एक खूण बोटाखालीं आयती ठेवलेली होती. ती कोणा अफवाखोरानें ठेवली नव्हती. छापखान्यांत कंपॉझिटर एकेक खिळा उचलून ओळ जुळवितो. तेवढ्या अवधींत मुद्रक मजकूर वाचतो, मुद्रितें लेखकाकडे जातात, परत येतात. कितीतरी मूर्खपणा त्या फेऱ्यांत वाटेंतच मरतो. हा अवधि कंपनीनें नाहींसा केला, आणि त्याला सोय असें नांव दिलें. येथवर सरकारचा राग मला रास्त वाटतो.

परिणामहि रास्तच झाला. जुलै संपण्याच्या आंत कंपनीनें हिंदुस्थानापुरता नियम जाहीर केला: एक निरोप एका वेळीं पांचांहून अधिक ठिकाणीं पुढें पाठवितां येणार नाहीं. पुढें आलेल्या निरोपावर तसें लिहिलेलें दिसेल. चित्रांशेजारची ती आयती खूण काढून टाकण्यांत येईल. इतर देशांत ही मर्यादा त्या वेळीं वीस होती. जानेवारी २०१९ मध्यें पांचाचा नियम जगभर लागू झाला, आणि एप्रिल २०२० मध्यें, साथीच्या दिवसांत, फार वेळां फिरलेला निरोप एका वेळीं एकाच ठिकाणीं धाडतां येईल असें ठरलें. यासाठीं कोणाचेंहि पत्र उघडावें लागलें नाहीं, कोणाचें नांव विचारावें लागलें नाहीं. यंत्राची घडण बदलली, आणि जो अवधि कंपॉझिटरच्या हातांत होता त्यांतला थोडासा परत मिळाला. राईनपाड्याच्या पांच प्रेतांनीं जगभरच्या माणसांच्या बोटांना चिमूटभर उसंत मिळवून दिली. त्या भिक्षेकऱ्यांचें नांव मात्र त्या सुधारणेला कोणी जोडीत नाहीं.

परंतु नोटिशीचाहि मजकूर पुन्हां एकदां वाचला पाहिजे. 'मुके प्रेक्षक' हे शब्द वाचतांना माझ्या डोळ्यांपुढें व्हॉट्सॲपची कंपनी उभी राहत नाहीं. पंचायतीच्या त्या खोलीभोंवतीं उभीं असलेलीं माणसें उभीं राहतात. गर्दीला मारण्यासाठीं मोबाइल लागतो असें तर नाहींच. १९४८ च्या फेब्रुवारींत, गांधीजींच्या वधानंतर, सातारा, सांगली, कोल्हापूर या टापूंत घरें पेटलीं तेव्हां कोणाच्या खिशांत कसलें यंत्र होतें? किर्लोस्करवाडीच्या कारखान्याला त्या आगीची झळ लागली. सातवळेकरांनीं तीस वर्षांचा औंधचा संसार हलविला आणि स्वाध्याय मंडळ गुजरातेंत पारडीस नेलें. ती बातमी व तिच्याबरोबरचें विष तोंडातोंडीं, पायीं, एसटी नव्हत्या त्या काळांत गांवोगांव गेलें. त्या वेळीं नोटीस पाठवावयाची तर कोणत्या कंपनीला पाठवावयाची होती? माणसांना वेळेवर संरक्षण देणें हें काम कोणाचें, हा प्रश्न तेव्हांहि सरकारकडेच येत होता आणि राईनपाड्यांतहि सरकारकडेच येतो. सर्वोच्च न्यायालयानें १७ जुलै २०१८ च्या निकालांत जमावाच्या हत्या रोखण्यासाठीं जिल्ह्याजिल्ह्यांत जबाबदार पोलीस अधिकारी नेमण्यास राज्यांना सांगितलें. दोनच दिवसांनीं केंद्राची दुसरी नोटीस कंपनीकडे गेली. कंपनीवरचा आरोप खरा असूनहि सोयीचा असूं शकतो. ज्याच्याकडे बोट दाखवावयाचें तो सात समुद्रांपलीकडे असला म्हणजे आपल्याकडे वळलेलीं तीन बोटें कोणाच्या लक्षांत येत नाहींत.

सोयीचा आरोप पुढें कोठें जातो तें २०२१ सालीं दिसलें. त्या वर्षीं फेब्रुवारींत केंद्रानें जे नवे नियम केले त्यांत पन्नास लाखांहून अधिक ग्राहक असलेल्या निरोपाच्या कंपन्यांवर असें बंधन घातलें कीं, न्यायालयाचा किंवा योग्य अधिकाऱ्याचा हुकूम आल्यास एखादा निरोप या देशांत प्रथम कोणी धाडला त्याचें नांव त्यांनीं काढून देतां आलें पाहिजे. व्हॉट्सॲपवरचा निरोप पाठविणाराच्या यंत्रांत कुलुपबंद होतो आणि घेणाराच्या यंत्रांतच उघडतो; मधल्या कंपनीजवळ किल्ली नसते. अशा पाकिटाचा पहिला धनी ओळखावयाचा तर प्रत्येक पाकिटावर, निरपराधांच्याहि, अगोदरपासूनच कसलीतरी खूण करून ठेवावी लागेल. कंपनी २५ मे २०२१ रोजीं दिल्लीच्या उच्च न्यायालयांत गेली; आणि एप्रिल २०२४ मध्यें तिच्या वकिलांनीं तेथें सांगितलें कीं, कुलूप मोडावयास लावाल तर आम्हांस हा देश सोडावा लागेल. वकिली धमकी म्हणून तिच्यांतला नाटकीपणा वजा करावा. पण मुद्दा राहतोच. समजा, एखाद्या बाईनें कोठूनतरी आलेलें तें कराचीचें चित्र "हें खरें आहे काय हो?" असें विचारीत आपल्या भावाला धाडलें. नियमाच्या दृष्टीनें ती प्रथम धाडणारी ठरूं शकेल. १८६७ ची ओळ मुद्रकाच्या नांवाची होती, वाचकांच्या नांवांची नव्हती. येथें प्रत्येक वाचकाच्या कपाळावर ती ओळ छापावयाची आहे, आणि ती दिसेल फक्त सरकारला.

पांचाचा नियम आणि प्रथम धाडणाराचा नियम हे दोन्ही त्याच दडपणाचे परिणाम म्हणून एकाच तागडींत घालण्याची चूक पुष्कळ चांगले लेखक करतात. कांहींजण दोहोंचें स्वागत करतात, कांहींजण दोहोंना हुकूमशाही म्हणतात. मला हा घोटाळा फार मोठा वाटतो. पहिल्यांत सरकारनें यंत्रवाल्याला त्याच्या यंत्राविषयीं विचारलें. दुसऱ्यांत त्याला दुसऱ्यांच्या बोलण्याविषयीं विचारलें आहे, आणि उत्तर देतां यावें म्हणून त्यानें आजन्म पाळत ठेवावी अशी अपेक्षा आहे. पहिला प्रश्न बाष्पयंत्राच्या झडपेविषयीं कारखानदाराला विचारण्यासारखा. दुसरा १९१० च्या जामिनाचा सख्खा नातू.

यंत्र पुरविणारा केव्हां गुन्हेगार होतो, हा प्रश्न आपल्याकडे एकदां उघड न्यायालयांतहि येऊन गेला आहे. १९४२ च्या ऑगस्टांत मुंबईंत उषा मेहता व त्यांच्या सोबत्यांनीं गुप्त काँग्रेस रेडिओ चालविला. १२ नोव्हेंबरला पोलिसांनीं तो पकडला. प्रक्षेपणयंत्र जोडून देणारा तंत्रज्ञ आधींच हातीं लागून फितूर झाला होता. (त्याचें आडनांव प्रिंटर होतें, हा केवळ योगायोग, पण या लेखांत तो टाळवत नाहीं.) 'शिकागो रेडिओ' या पेढीचे नानिक मोटवानी यांना, सामग्री पुरविल्याच्या आरोपावरून, आरोपींच्या पिंजऱ्यांत उभें करण्यांत आलें. १९४३ सालीं निकाल लागला: बाबूभाई खाकर यांना पांच वर्षें, उषाबेनना चार, चंद्रकांत झवेरींना एक, मोटवानी आणि विठ्ठलदास झवेरी निर्दोष. महायुद्ध चालू, सरकार परकें, आंदोलन पेटलेलें. आणि तरीहि पेढीच्या मालकाचा संबंध पुराव्यानें सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारवर होती व ती त्याला पार पाडतां आली नाहीं. त्या राज्याचें कौतुक करण्यासाठीं मी हें सांगत नाहीं. त्याच राज्यानें १९१० चा कायदाहि केला होता. सांगतों तें यासाठीं कीं, आज ज्या वाटेनें कंपन्यांना हुकूम जातात तेथें तेवढेंहि दिसत नाहीं.

ती वाट अशी. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६९-अ कलमाखालीं मजकूर अडविण्याचे हुकूम निघतात. २००९ च्या नियमांप्रमाणें त्यांविषयींची तक्रार व कारवाई गुप्त ठेवावयाची असते. त्याच्या जोडीला २०२४ पासून गृहखात्याचें 'सहयोग' नांवाचें एक संकेतस्थळ आलें. त्यावरून निरनिराळ्या खात्यांचे व राज्यांचे अधिकारी ७९ व्या कलमाचा आधार घेऊन मजकूर काढण्यास कळवितात, आणि न काढल्यास कंपनीचें संरक्षण जाण्याची भीति उभी राहते. एक्स कंपनीनें याविरुद्ध केलेला अर्ज कर्नाटक उच्च न्यायालयानें २४ सप्टेंबर २०२५ रोजीं फेटाळला. त्यानंतरच्या महिन्यांत सरकारनें स्वतःच नियम थोडे आवळले. असें कळविण्याचा अधिकार वरिष्ठ अधिकाऱ्यांपुरता ठेवला आणि कारणें देण्यास सांगितलें. हें बरें झालें. मुंबई उच्च न्यायालयानें याच विषयाची दुसरी बाजू २० सप्टेंबर २०२४ रोजीं निकालांत काढली होती: सरकारच्या कारभाराविषयींचा कोणता मजकूर खोटा हें सरकारनेंच नेमलेल्या कक्षानें ठरवावें, हा २०२३ चा नियम न्या. अतुल चांदूरकर यांच्या मतानें बहुमत होऊन रद्द झाला. या निकालांतून एवढें तरी दिसतें कीं प्रश्न न्यायालयापर्यंत पोंचला म्हणजे शब्दांना अर्थ सांगावा लागतो. जे हुकूम पोंचतच नाहींत त्यांचें परीक्षण कोणी व कसें करावयाचें?

कंपन्यांविषयीं मला माया नाहीं. आमचे निरोप वाहण्यांत त्यांना आमचें प्रेम दिसत नसून आमची संख्या दिसते, हें उघड आहे. १९१० च्या मुद्रकाला टाइपाचे हप्ते होते, यांच्याजवळ राज्यें विकत घेण्याइतका पैसा आहे. तेव्हां त्या मुद्रकाविषयीं वाटणारी कणव यांच्यासाठीं खर्च करणें मूर्खपणाचें होईल. परंतु दडपणाचा हिशेब कंपनीच्या वहींत संपत नाहीं. मुद्रक घाबरला तेव्हां हस्तलिखित परत गेलें तें लेखकाच्या घरीं. कंपनी घाबरते, किंवा घाबरल्याचें सोंग करून आपला धंदा राखते, तेव्हां जें नाहींसें होतें तें एखाद्या गांवच्या मास्तरानें रस्त्याच्या खड्ड्याविषयीं लिहिलेलें असतें, आणि त्याला तें का गेलें हें सांगावयास कोणी बांधलेला नसतो.

१८६७ चा कायदा १ मार्च २०२४ पासून गेला. त्याच्या जागीं नियतकालिकांचा नवा कायदा आला. पाठमालेचें पुस्तक कपाटांत परत ठेवण्यापूर्वीं मीं ती ओळ पुन्हां वाचली. शाई जरा फिकी झाली आहे, पण नांव आणि गांव दोन्ही स्पष्ट लागतात: ज्याला सातवळेकरांना जाब विचारावयाचा होता त्याला औंधचा पत्ता ठाऊक होता. त्याच संध्याकाळीं मोबाइलवर एका मित्रानें धाडलेला दुवा उघडून पाहिला. मजकुराच्या जागीं कोरी चौकट होती, आणि तींत एवढेंच होतें कीं कायदेशीर मागणीवरून हें खातें भारतांत दाखवितां येत नाहीं. मागणी कोणाची, कोणत्या अधिकाऱ्याची, कोणत्या तारखेची, याचा उल्लेख वर नव्हता, खालींहि नव्हता. चष्मा पुसून मीं पडदा शेवटपर्यंत सरकवून पाहिला.